चित्रीकरणाच्या डाट्याची राखण : असल, नक्कल आणि मुकाबला

बारामती-इंदापूर रस्त्यावरील आमच्या लासुर्णे परिसरात कॅमेऱ्याचा धंदा करणारे तरुण आता गावोगाव आहेत. लग्नाचे चित्रीकरण हा त्यांचा मुख्य आधार, पण त्याच्या जोडीला लघुपट, गाण्यांचे चित्रीकरण, साखर कारखान्याचे वा शाळेचे माहितीपट अशीही कामे येतात. शेजारच्या करमाळा तालुक्यात चित्रित झालेला 'सैराट' २०१६ साली गाजला आणि या भागातील माळरान व उसाचे फड पडद्यावर चालतात हे सर्वांना कळले. आमचा व्यवसाय कापडाचा. युनिटवाल्यांना पोशाखासाठी, आडोशासाठी, प्रकाश अडवण्याच्या काळ्या पडद्यांसाठी कापड लागते आणि ते नेहमी घाईत लागते. त्या निमित्ताने या मंडळींशी जे बोलणे झाले, जे पाहण्यात आले आणि त्यानंतर जे वाचनात आले, ते या पानाच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

व्यापारी माणूस प्रथम विचारतो तो प्रश्न असा की, या धंद्यात माल कोणता? कॅमेरा हा माल नव्हे, ते अवजार आहे. दिवे, गाडी, जनरेटर हे सर्व भाड्याचे. संध्याकाळी पॅकअप झाल्यावर हातात उरतो तो माल म्हणजे नखाएवढ्या किंवा फार तर काडीपेटीएवढ्या कार्डावर साठलेला डाटा. आमच्या दुकानात एखादा तागा भिजला, उंदराने कुरतडला तर नुकसान होते खरे, पण इचलकरंजीला किंवा मालेगावला फोन केला की तसाच दुसरा तागा येतो. चित्रीकरणाचा माल पुन्हा मागवता येत नाही. नट निघून गेलेला असतो, ऊस तोडला गेलेला असतो, आणि लग्न असेल तर ते पुन्हा लागत नाही.

आमच्या माहितीतील एका कुटुंबात असे घडले आहे. निकाहचे चित्रीकरण झाले. दुसऱ्या दिवशी त्याच चित्रकाराचे दुसऱ्या गावी काम होते. कार्डे कमी पडली म्हणून त्याच्या मदतनिसाने आदल्या दिवसाचे कार्ड 'उतरवले असेल' असे समजून पुसले. दोन महिन्यांनी त्या घरातील आजी वारल्या. आजींचे हसते-बोलते चित्र फक्त त्या कार्डावर होते. चित्रकाराने आगाऊ घेतलेली रक्कम परत केली, पण घरच्यांना रक्कम नको होती. आजही त्या घरात हा विषय निघाला की बायका उठून आत जातात. सदर चित्रकाराचे नाव सांगण्याचे येथे कारण नाही. 'असेल' या एका शब्दावर धंदा चालवला की काय होते, एवढेच पाहायचे आहे.

जुन्या रिळांचे काय झाले?

माल हरवण्याचा हा प्रकार डाट्याच्या काळातला आहे असे मात्र कोणी समजू नये. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. तो आज संपूर्ण उपलब्ध नाही. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झाला. त्याची एकही प्रत आज हाती नाही. मूकपटांच्या काळात देशात तेराशेहून अधिक चित्रपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा तुकड्यातुकड्यांत शिल्लक आहेत ते सुमारे तीस. बाकीचे कोठे गेले? काही जळाले, काही कुजले, आणि पुष्कळशी रिळे त्यांच्या लेपातील चांदी काढण्यासाठी भंगारात विकली गेली. चांदीच्या भावात इतिहास विकणारे ते लोक मूर्ख नव्हते, व्यापारीच होते. चित्रपट उतरल्यावर रिळाला कोणी विचारीत नसे आणि गोदामाचे भाडे मात्र दरमहा द्यावे लागे. आजचा तरुण डिस्क भरली म्हणून जुने काम पुसतो, त्याचा हिशेब याहून वेगळा नाही.

आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्या संस्थापकांत शेख फत्तेलाल होते, ज्यांना सारे 'साहेबमामा' म्हणत. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा या जोडीने १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. आषाढात तुकोबांची पालखी आमच्या लासुर्ण्यावरून जाते तेव्हा गावात अजूनही कोणी ना कोणी त्या चित्रपटाची आठवण काढतो. प्रभातच्या जागेवर पुढे १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झाले. पी. के. नायर यांनी तेथे गावोगाव हिंडून रिळे जमवली. एवढे सर्व असूनही ८ जानेवारी २००३ रोजी इन्स्टिट्यूटच्या आवारातील गोदामाला आग लागली आणि सहाशेहून अधिक चित्रपटांची पाच हजारांवर नायट्रेट रिळे जळाली. प्रभातचीही जुनी रिळे त्यात गेली. नायट्रेट फिल्म ही जात्याच ज्वालाग्राही, एकदा पेटली की विझत नाही. मात्र ज्या चित्रपटांच्या नकला आधीच साध्या, न पेटणाऱ्या फिल्मवर काढून ठेवल्या होत्या ते वाचले. 'संत तुकाराम' आज आपण पाहू शकतो तो असा.

म्हणजे असल गेली तरी नक्कल राहिली, आणि ती दुसऱ्या जातीच्या फिल्मवर होती. डाटा सांभाळण्याचे आजचे सारे शास्त्र याच दोन गोष्टींवर उभे आहे.

तीन, दोन, एक

या धंद्यात जगभर एक नियम चालतो. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. तीन प्रती एकाच कपाटात ठेवल्या तर चोराला किंवा आगीला ती एकच प्रत आहे. दोन प्रती एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या डिस्कवर असतील तर कारखान्यातला दोष दोन्हीकडे सारखा येऊ शकतो. आम्ही सुताच्या लॉटबाबत हे नेहमी पाहतो. एका गाठीचा रंग उतरला की त्याच लॉटची दुसरी गाठ आम्ही उघडण्याआधीच परत पाठवतो.

काही तरुण म्हणतात की आमच्याकडे चार डिस्कचे रेड आहे, एक बिघडली तरी चालते. हे अर्धे खरे आहे. यंत्रातली एक डिस्क बसली तर काम थांबत नाही. परंतु चुकून फाइल पुसली तर ती चारही ठिकाणांहून एकदमच पुसली जाते, आणि विषाणू शिरला तर सर्वत्रच शिरतो. ती एक मजबूत पेटी आहे, दुसरी प्रत नव्हे.

अमेरिकेतील पिक्सार कंपनीची गोष्ट या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. १९९८ साली 'टॉय स्टोरी २' चे काम चालू असताना कोणीतरी संगणकाला पुसण्याची एक आज्ञा दिली आणि पाहता पाहता चित्रपटाचा सुमारे नव्वद टक्के भाग गेला. कंपनीत रोज नक्कल काढण्याची व्यवस्था होती. ती काढून पाहिली तर गेला महिनाभर ती नीट होतच नव्हती आणि कोणाच्या ध्यानात आले नव्हते. शेवटी कामाला आली ती गॅलिन सुसमन या पर्यवेक्षक बाईंच्या घरची प्रत. त्यांना नुकतेच बाळ झाले होते म्हणून त्या घरून काम करीत होत्या. त्यांचा संगणक कांबळ्यांत गुंडाळून गाडीने कचेरीत आणला गेला. एवढ्या मोठ्या कंपनीचा माल एका बाळंतिणीच्या घरात वाचला! व्यवस्था होती, यंत्रे होती, पगारी माणसे होती. नक्कल उघडून पाहण्याचे काम तेवढे कोणी केले नव्हते.

मुकाबला

आमचे शिक्षण उर्दू माध्यमाच्या शाळेत झाले. हस्तलिखितांच्या जमान्यात कातिब नक्कल पुरी करीत असे, पण तेवढ्याने काम संपत नसे. एकजण असल मोठ्याने वाची, दुसरा नक्कल डोळ्यांखालून घाली, चूक सापडली की हाशियात दुरुस्ती होई आणि कोठवर तपासले त्याची नोंदही होई. याला मुकाबला म्हणत. मुकाबला न झालेली नक्कल जाणकार माणूस प्रमाण मानीत नसे.

डाट्यातही अगदी हेच करावे लागते. फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी ओढून टाकली, पडद्यावर 'पूर्ण' असे अक्षर आले, म्हणजे नक्कल झाली असे नव्हे. तार सैल असते, वीज लचकते, डिस्कवर एखादी जागा खराब असते. म्हणून चेकसम नावाची पद्धत आहे. संगणक संपूर्ण फाइल वाचून तिच्यावरून एक आकडा काढतो. एमडी५ या प्रकारात तो ३२ अक्षर-अंकांचा असतो. असल फाइलचा आकडा आणि नक्कल फाइलचा आकडा तंतोतंत जुळला तरच नक्कल खरी. फाइलमधला एक कण जरी बदलला तरी सगळा आकडा बदलतो. एक्सएक्सहॅश हा प्रकार याहून वेगवान आहे. हे काम हाताने करावे लागत नाही. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही क्लोन टूल म्हणून सोय आहे, आणि साध्या विंडोज संगणकासाठी टेराकॉपी आहे. मोठ्या युनिटात शॉटपुट प्रो, सिल्व्हरस्टॅक अशी विकतची साधने वापरतात आणि त्यासाठी डीआयटी किंवा डाटा रँगलर या नावाचा स्वतंत्र माणूस असतो. छोट्या कामात हा माणूस परवडत नाही हे खरे. पण मग ते काम ठरावीक एकाच्या अंगावर असले पाहिजे. दोघांचे काम म्हणजे कोणाचेच नाही.

वेळेचा हिशेब

येथे आकडेमोड करणे जरूर आहे, कारण बहुतेक घात घाईमुळे होतो. समजा, ४के चित्रीकरण प्रोरेस ४२२ एचक्यू या प्रकारात सेकंदाला २५ चौकटी या वेगाने केले. त्याला तासाला सुमारे ३३० जीबी जागा लागते. दिवसाला दोन तासांचे फुटेज धरले तर ६६० जीबी. पंचवीस दिवसांत साडेसोळा टीबी, आणि तीन प्रती म्हणजे जवळजवळ पन्नास टीबी. बजेट मांडताना निर्माता जेवणाचा आकडा ताटागणिक लावतो, पण डिस्कचा आकडा 'बघू' म्हणून सोडून देतो.

साधी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने लिहीत असेल तर एका दिवसाचे ६६० जीबी उतरायला सव्वा तास लागतो. मुकाबल्यासाठी सर्व पुन्हा वाचायचे, म्हणजे आणखी तेवढाच. एकूण अडीच तास. पॅकअपनंतर काम सुरू केले तर माणूस रात्री अकराला पेंगत बसणार आणि मुकाबला सोडून झोपणार. म्हणून जाणते लोक दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतच सकाळची कार्डे उतरवायला घेतात. एसएसडी घेतली तर वेळ बराच वाचतो, पण ती महाग. तेव्हा उतरवण्यासाठी एसएसडी आणि ठेवण्यासाठी साधी डिस्क, असा मेळ परवडतो.

इंटरनेटवरून मुंबईला पाठवून देऊ, असेही कोणी सुचवतात. ५० एमबीपीएसचा वेग अखंड मिळाला तरी ६६० जीबी जायला सुमारे एकोणतीस तास लागतील, आणि आमच्याकडे अखंड काय मिळते हे वाचक जाणतातच. तेव्हा डिस्क गाडीनेच जाणार. मग दोन प्रती एकाच गाडीत देऊ नयेत. डिस्कला पासवर्डचे कुलूप घालावे आणि पासवर्ड डिस्कच्या डबीवर चिकटवू नये (हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे). 'उडता पंजाब' हा चित्रपट १७ जून २०१६ ला लागायचा होता आणि त्याआधीच त्याची प्रत इंटरनेटवर फुटली, त्यावर सेन्सॉरच्या प्रतीची खूणही होती. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा चोरीला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. पण शिक्षा झाली म्हणून फुटलेला माल परत थानात जात नाही.

कार्डाची वही

कॅमेऱ्यातून निघालेल्या फाइलला बहुधा ए००१सी००१ अशा धर्तीचे नाव असते. पहिला कॅमेरा, पहिले कार्ड, पहिला शॉट. हे नाव बदलू नये, कारण पुढे संकलन करणारा त्याच नावाने माल शोधतो. लग्नाच्या कामातले साधे कॅमेरे मात्र दर वेळी तेच ते क्रमांक देतात. तेथे दर कार्डासाठी तारीख, कॅमेरा आणि कार्ड क्रमांक घालून वेगळे फोल्डर करावे, नाहीतर दुसऱ्या कार्डाची फाइल पहिलीवर चढते.

आम्ही मालाची आवक-जावक चलान बुकात लिहितो, तशीच कार्डाची वही हवी. कार्ड कोणत्या वेळी निघाले, कोणी दिले, कोणी घेतले, कोणत्या डिस्कवर उतरले, मुकाबला झाला का, आणि पुसण्याची परवानगी कोणी दिली. भरलेल्या कार्डावर लाल चिकटपट्टी लावावी आणि मुकाबला झाल्याशिवाय ती निघू नये. कार्ड पुसायचे ते कॅमेऱ्यातच, आणि पुसणारा माणूस एकच. वर सांगितलेल्या घरी ही एक वही असती तर 'असेल' म्हणायला जागाच नव्हती.

ज्या कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय आहे त्यात दोन्हींवर एकाच वेळी चित्रण चालू ठेवावे. निकाह, हळदी, सप्तपदी अशा पुन्हा न होणाऱ्या कामात कार्ड वाचवण्याच्या मागे लागू नये. कार्ड विकत घेताना पक्के बिल घ्यावे. बाजारात ६४ जीबीचे लेबल लावलेली आणि आत आठच जीबी असलेली नकली कार्डे असतात. कापडाचा कोपरा ओला करून घासला की रंग कळतो, तसे एच२टेस्टडब्ल्यू या मोफत साधनाने कार्ड शेवटपर्यंत भरून पाहिले की त्याची जात कळते. हे नव्या कार्डाच्या पहिल्याच दिवशी करावे.

आमच्या हवेचाही विचार हवा. एप्रिल-मेमध्ये इंदापूर तालुक्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि पुष्कळ डिस्कवर पस्तीस अंशांपर्यंतच चालवा असे छापलेले असते. 'स्लमडॉग मिलियनेअर' (२००८) चा बराच भाग मुंबईत छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने चित्रित झाला. चित्रण होत असे ते पाठीवरच्या पिशवीतील लॅपटॉपवर, आणि तो तापू नये म्हणून पिशवीत कोरडा बर्फ ठेवीत. आपल्याला कोरडा बर्फ नको, पण उन्हातल्या गाडीच्या डिकीत डिस्क ठेवू नये आणि उतरवण्याचे काम सावलीत, पंख्याखाली व्हावे. जनरेटरच्या विजेवर थेट जोडू नये, मध्ये यूपीएस असावा.

पुढची राखण

फिल्मची निगेटिव्ह थंड, कोरड्या खोलीत शंभर वर्षे राहू शकते. हार्ड डिस्कचा भरवसा तीन ते पाच वर्षांचा. अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीने २००७ साली हिशेब मांडला होता. एका चित्रपटाची अस्सल प्रत फिल्मवर सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर आणि तीच ४के डाटा म्हणून सांभाळायला १२,५१४ डॉलर, म्हणजे अकरा पटींहून जास्त. डाटा स्वस्त ही समजूत फक्त चित्रीकरणाच्या दिवसापुरती खरी आहे. शिवाय त्यातही बाजार आहेच. २०११ साली जपानच्या भूकंपाने सोनीचा सेंदाई येथील कारखाना बंद पडला आणि व्यावसायिक व्हिडिओ टेपची टंचाई झाली. त्याच वर्षी थायलंडच्या महापुराने डिस्कचे कारखाने बुडाले आणि भाव भडकले. ज्यांनी आधी साठा केला होता त्यांचे काम चालू राहिले.

मोठ्या निर्मात्यांसाठी एलटीओ नावाची चुंबकीय फीत हा चांगला उपाय आहे. एलटीओ-९ च्या एका फितीत १८ टीबी मावतात आणि नीट ठेवली तर तीस वर्षे टिकते असे तिचे उत्पादक म्हणतात. परंतु एलटीओ-९ चे यंत्र फक्त आठव्या आणि नवव्या पिढीच्या फिती वाचते. फीत टिकली आणि वाचणारे यंत्र गेले, तर ती कुलूप असून किल्ली नसलेली तिजोरी. म्हणून दर काही वर्षांनी माल नव्या फितीवर चढवावाच लागतो.

आमच्या गावच्या चित्रकाराला एलटीओ यंत्र परवडणार नाही. त्याने ग्राहकाच्या पावतीवरच छापावे की, फुटेज आम्ही अमुक महिने सांभाळू, त्यानंतर जबाबदारी ग्राहकाची, आणि डिस्क ग्राहकाने आणून दिल्यास पूर्ण प्रत मिळेल. यात दोघांचेही भले आहे. ग्राहकाच्या हातातली प्रत ही आपोआपच दुसऱ्या ठिकाणची प्रत होते. जी कामे स्वतः ठेवायची त्यांची एक डिस्क लासुर्ण्यात आणि एक पुण्यातल्या नातेवाइकाकडे असावी.

वर्षातून एकदा आम्ही दुकानातला प्रत्येक तागा उलगडून कसर लागली आहे का ते पाहतो. डिस्कही तशीच वर्षातून दोनदा काढावी, जोडावी, चेकसम पुन्हा जुळवावा आणि डबीवर तारीख टाकावी. पाच वर्षे झालेली डिस्क चालत असली तरी तिच्यावरचा माल नवीन डिस्कवर घ्यावा, आणि जुनी डिस्क नव्या डिस्कचा मुकाबला होईपर्यंत हलवू नये.